मिकूचे दोन शेपटे: टोप आणि रंगभूषेच्या नोंदी

९ नोव्हेंबर

धाकटीचं ठरलं. डिसेंबरात दादरला ॲनिमेवाल्यांचा, म्हणजे जपानी कार्टूनच्या चाहत्यांचा, मेळावा आहे, तिथे ती हात्सुने मिकू होणार. कपडे ती आणि आई मिळून शिवतायत. केस आणि चेहरा माझ्याकडे.

मिकू म्हणजे मुळात गाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खोक्यावरचं चित्र. जपानमधल्या साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी ते सॉफ्टवेअर बाजारात आणलं, यामाहाच्या व्होकालॉइड २ या यंत्रणेवर. आवाज साकी फुजिताचा, चित्र केई या चित्रकाराचं. पुढे तिच्यावर हजारो लोकांनी गाणी केली, चित्रं काढली, प्रत्येकाने नाकडोळे आपापल्या परीने रंगवले. त्यामुळे चेहऱ्यावरून तिला कोणी ओळखत नाही. ओळख पटते ती हिरवट निळ्या रंगाच्या दोन प्रचंड शेपट्यांवरून. शेपटे खाली घसरले तर बाकी सगळं कितीही झकास असो, समोरचा विचारणार, “तू कोण?”

म्हणून माझा वेळ आधी शेपट्यांना, मग झुलपांना, आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्याला. धाकटीला हा क्रम अजिबात पसंत नाही. तिला आजच आयलायनर हवंय.

१२ नोव्हेंबर

पार्सल आलं. खांद्यापर्यंतचा एक टोप आणि चिमट्यावर बसवलेले दोन सुटे शेपटे, प्रत्येकी ११० सेंटिमीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिले: एकेक शेपटा १९० ग्रॅम, टोप १६०. म्हणजे डोक्यावर अर्धा किलोच्या वर.

सोबतचे चिमटे टोपाला चावतात आणि टोपाची जाळी ताणली की चिमटा मागे कलतो. थर्माकोलच्या डोक्यावर बसवून पाहिलं तर शेपटे कानामागे जाऊन लोंबायला लागले. मिकूचे शेपटे वरून, डोक्याच्या कोपऱ्यातून बाहेर पडतात आणि मग खाली येतात. तो सुरुवातीचा बाहेर जाणारा बाक नसेल तर ती शाळेत निघालेली मुलगी दिसते.

दुसरं, रंग. टोप निळ्याकडे झुकतो, शेपटे हिरव्याकडे. ट्यूबलाइटखाली कळत नाही, गॅलरीत नेलं की लगेच कळतं. चाहत्यांमध्ये मिकूचा म्हणून जो रंग चालतो तो संगणकाच्या भाषेत लाल ५७, हिरवा १९७, निळा १८७, म्हणजे दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी. केईला रंगाची दिशा मिळाली ती यामाहाच्या जुन्या सिंथेसायझरांवरून. १९८३च्या डीएक्स७वरच्या त्या हिरवट पट्ट्या पाहिल्या की लक्षात येतं.

आतल्या बाजूची एक बट कापून इस्त्रीची परीक्षा घेतली. १५० अंशांवर नीट राहते, १८०ला टोकं गोळा होऊन कडक होतात. पाकिटावर ‘हीट रेझिस्टंट’ एवढंच लिहिलंय, आकडा नाही. तेव्हा आपली मर्यादा १४०.

१५ नोव्हेंबर

रंग जुळवला, तोही न रंगवता. कृत्रिम तंतूंना केसांचा डाय लागत नाही. स्पिरिटमध्ये विरघळवलेली शाई लागते, पण तिने रंग फक्त गडद होतो. शिवाय धागा चिकट होण्याची भीती. त्यापेक्षा केसांच्या पट्ट्यांचीच अदलाबदल केली. टोपाच्या मागच्या बाजूच्या काही पट्ट्या उसवल्या आणि शेपट्यांच्या मुळाशी शिवल्या. शेपट्यांमधल्या तेवढ्याच पट्ट्या टोपावर, माथ्याजवळ. दोन रंग एकमेकांत घुसले की डोळ्याला सीमारेषा सापडत नाही, उलट केसांना खोली येते.

उसवताना टोपाच्या इलास्टिकला कात्री लागू द्यायची नाही. पट्टीवरची दुहेरी शिलाई आधी सुईने सैल करायची, मग ब्लेड.

शाई वापरली ती फक्त भांगाच्या रेषेत. गडद हिरवी, अगदी पातळ, जुन्या टूथब्रशने. भांगातून जाळी दिसली की खोटेपणा तिथेच उघडा पडतो.

१६ नोव्हेंबर

आईच्या ओळखीचे एक काका आहेत. नाटकांच्या दौऱ्यांवर रंगभूषा करायचे, आता घरीच असतात. टोप घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी टोपाकडे पाहिलंही नाही. धाकटीला समोर बसवलं आणि विचारलं, “हिचे स्वतःचे केस किती?” खांद्याच्या खाली चार बोटं. “मग काय अडलंय?”

त्यांचं म्हणणं असं. गंगावन लावताना आपण ते वेणीत गुंफतो, नुसतं वरून अडकवत नाही. तसंच इथे. जिथे शेपटा येणार त्याच्या बरोब्बर खाली स्वतःच्या केसांचा छोटा घट्ट अंबाडा घालायचा. दोन शेपटे, दोन अंबाडे. केसांचे आकडे टोपातून थेट अंबाड्यात गेले पाहिजेत. “टोपावर भार टाकू नकोस, तो सरकायलाच बसलाय. अंबाड्यावर टाक.”

आणि नाडी. परकराची सुती नाडी टोपाच्या आतून एका शेपट्यापासून दुसऱ्या शेपट्यापर्यंत माथ्यावरून न्यायची. डावा शेपटा उजव्याला धरून ठेवतो, उजवा डाव्याला. दोन्हीकडून एकेक नाडी मानेशी आणून बांधली की तिकोन होतो आणि पुढे सरकायचं बंद. सॅटिनची पट्टी किंवा इलास्टिक नको म्हणाले. एक निसटतं, दुसरं ताणतं.

निघताना धाकटीने विचारलं, “काका, तुम्ही मिकू पाहिलीय का?” ते म्हणाले, “अगं, मी बायकांचे टोप पुरुषांच्या डोक्यावर बसवलेत. तुझी जपानी पोरगी काय घेऊन बसलीस.”

२२ नोव्हेंबर

जोड तयार झाला. पाण्याच्या बाटलीचं तोंड आणि झाकण, बस्स. परदेशातले कॉस्प्लेवाले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करणारे, ही युक्ती वापरतात, आणि बाटल्या घरात पडलेल्याच असतात.

बाटली गळ्याखाली दोन सेंटिमीटर सोडून कापायची. आट्यांच्या खाली प्लास्टिकची झालर उरते. ती गरम पाण्यात धरून जराशी पसरवली, कडेला तापलेल्या दाभणाने भोकं पाडली आणि टोपाच्या आतून ती झालर जाळीला मजबूत दोऱ्याने शिवली. आटे बाहेर, झालर आत. झालरीखाली फेल्टचा गोल तुकडा, नाहीतर तासाभरात टाळूला खड्डा पडेल. तिथूनच काकांच्या नाड्या सुरू होतात आणि त्याच भोकांतून आकडे अंबाड्यात उतरतात.

शेपटा झाकणावर. इथे ग्लू गन कामाची नाही. हे झाकण ज्या जातीच्या प्लास्टिकचं असतं त्याला जवळजवळ कुठलाच गोंद धरत नाही, वाळला की पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून झाकणालाही गोल भोकं पाडून केसांच्या पट्ट्या शिवल्या, खालून वर, घेराघेराने. झाकणाच्या माथ्यावर फोमचा छोटा शंकू चिकटवायचा नव्हताच, तोही शिवला. त्या शंकूमुळेच केस आधी बाहेर उसळतात आणि मग वळतात. तो बाक मिळाला.

एक गोष्ट चालताना लक्षात येते: झोक्याने झाकण हळूहळू फिरतं. डावीकडचा शेपटा घट्ट होत जातो, उजवीकडचा सैल. दोन्ही बाजूंना झाकण आणि आटे यांच्यातून आरपार एकेक भोक आणि त्यात आकडा. आता फिरत नाही.

जोड दिसू नये म्हणून मिकूचे ते चौकोनी, काळे, गुलाबी कडांचे बंद आहेतच. ५ मिलिमीटरच्या फोम शीटचे चार तुकडे, आतून पोकळ चौकट, वर ॲक्रिलिक रंग. देवानेच योजना केल्यासारखे बसतात.

२५ नोव्हेंबर

शेपटे सरळ करण्याचा दिवस. पाकिटातून आलेल्या घड्या अजून होत्या. गॅलरीतली कपडे वाळत घालायची काठी खाली घेतली, दोन्ही शेपटे त्यांच्या झाकणांनी टांगले, खालच्या टोकाला कपड्यांचे चिमटे लावून काठी परत वर चढवली. मग स्टुलावर उभं राहून वाफेची इस्त्री, तंतूंना न टेकवता, दोन बोटं लांब धरून. वाफ द्यायची, दुसऱ्या हाताने रुंद दातांचा कंगवा वरून खाली ओढायचा, आणि थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. या तंतूंना आकार थंड होताना लागतो. गरम असताना कितीही कुरवाळा, उपयोग शून्य.

टोकांना मात्र आत वळण हवं. शेवटचे २० सेंटिमीटर जाड रोलरवर गुंडाळले, वाफ दिली, रात्रभर तसेच ठेवले.

गुंता सोडवायचा तो नेहमी टोकाकडून. पाण्यात थोडं कपड्यांचं कंडिशनर घालून फवारलं की कंगवा फिरतो. सिलिकॉनचा स्प्रे जास्त चांगला आहे, पण मुळांपासून तळहाताएवढ्या अंतरात तो मारायचा नाही, आकडे धरत नाहीत.

शेजारच्या आजी गॅलरीतून बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “कुणाचे गं एवढे केस?” मी म्हटलं, “जपानचे.” त्यांनी मान डोलावली आणि भाजी निवडायला बसल्या.

२९ नोव्हेंबर

झुलपं. इथे हात सावकाश चालवायचा, कारण कृत्रिम केस वाढत नाहीत.

टोप थर्माकोलवर नाही, धाकटीच्याच डोक्यावर बसवून कापायचा. थर्माकोलचं डोकं खऱ्या डोक्यापेक्षा लहान असतं आणि कपाळ भलतीकडेच असतं. तिला खुर्चीत बसवलं, गळ्यात टॉवेल, हातात मोबाइल दिला म्हणजे मान स्थिर राहते. मग मधला भाग, दोन बाजूंचे भाग, आणि कानापुढच्या दोन लांब बटा वेगळ्या करून चिमट्यांत धरल्या.

आडवी कात्री कुठेच नाही. बट दोन बोटांत पिळायची, कात्री उभी धरून टोकाकडे तिरकी नेत कापायची. पीळ सोडला की टोक आपोआप निमुळतं होतं. आधी नाकापर्यंत, मग डोळ्यांपर्यंत, शेवटी भुवयांच्या किंचित खाली. चित्रातली झुलपं म्हणजे पात्यांसारखे सुटे त्रिकोण, त्यामुळे प्रत्येक बटेच्या मुळाशी आतून थोडं पिंजलं, हेअरस्प्रे मारला, टोक चिमटीत धरून ड्रायरची मंद गरम हवा, आणि चिमटी तशीच ठेवून थंड हवा. मग पुढची बट. कंटाळवाणं आहे. पण एकदा बसलेलं टोक दिवसभर तसंच राहतं.

जास्त स्प्रे मारला तर पांढरी पूड दिसते. ओल्या बोटांनी पुसली की जाते. नव्या टोपाची प्लास्टिकसारखी चकाकी घालवायला टाल्कम पावडर पुरते. मोठ्या ब्रशने लावायची आणि टोप उलटा करून झटकायचा.

२ डिसेंबर

आज चेहरा. आणि आज वाद.

आत्या आली होती. टोप घातलेल्या धाकटीला पाहून म्हणाली, “छान गं, पण हिला दोन शेड उजळ लाव, म्हणजे ती बाहुलीसारखी दिसेल.” हे कुणीतरी म्हणणार याची खात्रीच होती. मी नाही लावणार.

एक तर व्यवहाराचा प्रश्न. मिकूच्या पोशाखाला बाह्या सुट्या, खांदे उघडे. चेहरा उजळवला तर मान, खांदे, दंड सगळं रंगवा. सुट्या बाह्यांच्या वरच्या कडेला तो रंग घासून कपड्याला लागणार, आणि दुपारी घामाने गळ्यावर ओघळ येणार. दुसरं म्हणजे ते दिसतंही वाईट. आमच्या घरातला रंग तांबूस गव्हाळ. त्याच्या शेजारी हिरवट निळे केस असे उठून दिसतात की बघत राहावं. रंगचक्रावर एक रंग दुसऱ्याच्या बरोब्बर समोरचा आहे. राखट फिकट चेहऱ्याशेजारी तेच केस मळकट वाटतात. आणि तिसरं, मला मुळात ते करायचंच नाही. मिकूचे केस हिरवट निळे आहेत म्हणून आपण तसे केस करतो. ती गोरी आहे म्हणून काही करावं लागतं, असं कुणी ठरवलं?

आत्या म्हणाली, “तुम्हा मुलींचं काही कळत नाही.” मग तिने चहा मागितला. विषय संपला.

तर फाउंडेशन धाकटीच्या मानेच्या रंगाचं. डोळ्यांखालच्या काळसरपणावर आधी नारिंगी करेक्टर, अगदी पातळ, त्यावर फाउंडेशन. नाकाच्या दोन्ही बाजूंना थंड तपकिरी छटा, शेंड्यावर छोटा उजेड. गालांवर प्रवाळी रंग, डोळ्यांच्या जवळ आणि नाकाच्या पुलावरून किंचित पलीकडे. ओठांनाही तीच छटा. चित्रातला फिकट गुलाबी सावळ्या ओठांवर खडूसारखा दिसतो.

फ्लॅश टाकून फोटो काढून पाहिले. झिंक किंवा टायटॅनियमवालं सनस्क्रीन आणि सिलिकाची पांढरी पावडर, दोन्ही फ्लॅशमध्ये चेहरा भुतासारखा करतात. त्यामुळे त्या दिवशी पावडर पिवळसर छटेची, आणि तीही बेताची.

५ डिसेंबर

डोळे.

रंगीत लेन्स नाहीत. धाकटीने कधी लेन्स घातलेली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून माप आणि सराव न घेता ऑनलाइन मागवलेली लेन्स दिवसभर, धुळीत आणि एसीत, मी तिच्या डोळ्यांत घालू देणार नाही. ती रुसली. पण काळ्याभोर डोळ्यांवर त्या फारशा कळतही नाहीत, कळायला अगदी अपारदर्शक लागतात, आणि त्या जवळून काचेच्या गोट्यांसारख्या वाटतात.

डोळा मोठा दाखवायचा तो रेषेने. वरचं लायनर पापणीच्या मध्यावर जाड, बाहेरच्या टोकाला वर न उचलता सरळ बाहेर. खालची खरी कड मोकळी ठेवून तिच्या दोन-तीन मिलिमीटर खाली तपकिरी रेषा, फक्त बाहेरच्या अर्ध्या भागात. मधल्या पट्टीत फिकट बदामी पेन्सिल. सगळे पांढरी सांगतात, पण गव्हाळ त्वचेवर पांढरी पट्टी दुरूनही पट्टीच वाटते. बदामी असेल तर डोळ्याचाच भाग वाटतो.

खोट्या पापण्या अख्ख्या नाहीत, तुकडे करून. वर पाच झुपके, मधे अंतर सोडून, खाली तीन, त्या खोट्या रेषेवर. गोंद लावल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, चिकट झाला की टेकवायचा. हाच गोंद कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस ठेवला होता. पुरळ नाही, खाज नाही.

भुवया तिच्या दाट आणि काळ्या. त्या झाकून नव्या काढायची पद्धत आहे, पण झुलपं तिथपर्यंत येतात, मग कशाला. काळ्या केसांवर नुसती हिरवी छटा गडप होते. म्हणून आधी केसांच्या उलट दिशेने कन्सीलर, तो सुकल्यावर हिरवट निळी पावडर, मग स्वच्छ ब्रशने सरळ. टोपापेक्षा एक छटा गडद. अगदी त्याच रंगाच्या केल्या की कपाळावर सुरवंट बसल्यासारखं होतं.

७ डिसेंबर

गच्चीवर पूर्ण तालीम, दुपारी बाराला, मुद्दाम. काकांनाही बोलावलं. ते पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, “डोळे दिसतायत. नाक नाही.” नाकावरची छटा वाढवली. जवळून पाहिलं तर जास्त वाटते, पण हॉलमध्ये फोटो काढणारा माणूस टाकीएवढ्याच अंतरावर असणार.

शेपटे जागचे हलले नाहीत. जिना उतरताना मात्र ते पायांत येतात. मूळ चित्रात ते जवळजवळ घोट्यापर्यंत जातात, आमचे पोटरीशी थांबतात, आणि बरंच आहे. जिन्यावर दोन्ही शेपटे पुढे घेऊन हातावर टाकायचे, पदर घेतात तसे.

दंडावरचा लाल ‘०१’ पण करून पाहिला. डाव्या दंडावर, प्लास्टिकच्या स्टेन्सिलमधून, न ओघळणाऱ्या लाल लिक्विड लिपस्टिकने. घासला तरी जात नाही. रात्री खोबरेल तेलाने गेला.

१३ डिसेंबर

पॅकिंग. शेपट्यांची सैल वेणी, टोकाला कापडी रबर, प्रत्येक शेपटा साडीच्या चेनवाल्या पिशवीत. टोप थर्माकोलच्या डोक्यावर आणि ते डोकं खोक्यात. शिवनेरीत ते मांडीवर घ्यायचं, डिकीत नाही. जादा आकडे, पापण्यांचा गोंद, टिश्यू, सुईदोरा, मोठी नाडी.

१४ डिसेंबर

दादरला मैत्रिणीच्या घरी तयारी. क्रम: केसांचे अंबाडे, त्यावर जाळी, मग पूर्ण चेहरा, मग टोप, मग बाह्या, आणि अगदी शेवटी भुवया, कारण टोप चढवताना हात तिथेच लागतो. कानापुढच्या बटांना आतून स्पिरिट गमचा, म्हणजे रंगभूषेच्या गोंदाचा, ठिपका. पंख्याखाली त्या उडाल्या नाहीत.

हॉलच्या बाहेर रांगेत ऊन. वरच्या ओठावर आणि नाकाच्या कडेला घाम पहिला येतो. त्यावर पावडर मारायची नाही, थर बसतो. टिश्यू दाबून टिपायचा आणि सोडून द्यायचं. दुपारपर्यंत चेहरा टिकला. डाव्या डोळ्याखालचा एक झुपका निघाला, तो परत लावला.

सगळ्यात कामाला आली ती बाटलीची झाकणं. जेवताना धाकटीने आकडे काढले, शेपटे फिरवून सोडवले, बाकावर ठेवले आणि वडापाव खाल्ला. शेजारी चिलखत घातलेला एक मुलगा सरळ बसताही येत नाही म्हणून उभ्यानेच खात होता. त्याने विचारलं, “ताई, हे कसं केलंय?” त्याला झालर, आटे, भोकं सगळं दाखवलं. त्याने फोटो काढून घेतले.

कोणीही “तू कोण?” विचारलं नाही. लहान पोरंसुद्धा “मिकू, मिकू” करत येत होती.

संध्याकाळी धाकटी म्हणाली मान दुखतेय, डोकं नाही. म्हणजे भार अंबाड्यांवर नीट आला होता. पुढच्या वेळी शेपट्यांतल्या मधल्या पट्ट्या थोड्या विरळ करता येतील. बाहेरून तेवढेच दाट दिसतील, एकेक शेपटा चाळीस-पन्नास ग्रॅमने हलका होईल.

१७ डिसेंबर

टोप धुतला. कोमट पाणी, बेबी शांपू, न चोळता बुडवून काढला. झुलपांतला स्प्रे निघायला दोन पाणी लागली. पिळायचा नाही, टॉवेलात दाबायचा. शेपटे काठीवर टांगलेत. उजव्या शेपट्याची टोकं रखरखीत झालीत, तिथून तीन बोटं कापावी लागतील.

धाकटी आता स्नो मिकू म्हणतेय. साप्पोरोच्या हिमोत्सवासाठी २०१०पासून निघालेली ती पांढरी, बर्फाच्या पोशाखातली मिकू. या टोपाचा पांढरा टोप होणार नाही, गडद होतो तो फिकट होत नाही. म्हणजे नवा टोप, नवे शेपटे. आटे आणि चौकटी तेवढ्या उसवून याच वापरता येतील. फेल्टचे तुकडे घामाने गेलेत, ते नवे.